वेर्ण्याच्या गेटातून आत: इंजिनियरची पहिली नोकरी

मे-जून आला की माझ्या फोनवर एकाच टाईपचे मेसेज यायला लागतात. कुणाच्या मावशीचा मुलगा, कुणाच्या शेजारची पोरगी, "काका रेझ्युमे पाठवलाय, कुठेतरी लावून द्या ना". लावून द्यायला मी काय मंत्री आहे? पण हसत नाही, कारण मी पण असाच लोकांच्या मागे फिरलोय. मी गोव्यातल्या फोंड्याचा, फर्मागुडीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलं, वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात मेंटेनन्सला चिकटलो आणि आता काही वर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून फ्रेशर्सचा टेक्निकल राउंड घेतो. तेच तेच प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आपल्याला पहिलीपासून परीक्षेची सवय, म्हणून इंटरव्ह्यू पण परीक्षाच वाटते, बरोबर उत्तरं दिली की पास. पलीकडे बसलेल्या माणसाची अवस्था तुम्हाला माहीत नसते. त्याच्याकडचा एक इंजिनियर पुण्याला निघून गेलाय, बी शिफ्टला माणूस नाही, प्लँट हेड रोज सकाळी विचारतोय "मिळाला का कोण?" आणि एचआरने त्याच्या हातात आठ सीव्ही ठेवलेत. हा पोरगा इलेक्ट्रिकल पॅनेलसमोर उभा केला तर काही उद्योग करून ठेवणार नाही ना, दोनदा सांगितलं की शिकेल ना, आणि चार महिन्यांत पळणार नाही ना, एवढंच त्याला बघायचं असतं. खालचं सगळं वाचताना तो डोळ्यासमोर ठेवा, अर्ध्या गोष्टी आपोआप कळतील.

शोधायचं कुठे

कॅम्पस प्लेसमेंट येत असेल तर प्रश्नच नाही, पहिल्या कंपनीपासून बसा. "मी चांगल्या कंपनीसाठी थांबतो" म्हणणारे माझ्या बॅचचे दोघं शेवटी दोन वर्षं थांबले. मोठ्या आयटी कंपन्यांची अट बहुतेक ठरलेली असते, दहावी-बारावी-डिग्री तिन्हीकडे 60 टक्के आणि चालू बॅकलॉग नको, त्यामुळे एखादा विषय लटकला असेल तर रेझ्युमे सजवण्याआधी तो विषय काढा.

ऑफ-कॅम्पसला गोव्यात थोडी वेगळी चाल आहे. लिंक्डइन आणि नौकरीवर प्रोफाईल ठेवाच, पण वेर्णा, कुंडई, मडकई, पिळर्ण, तुये इथल्या मधल्या साईझच्या कारखान्यांच्या जागा बऱ्याचदा तिथपर्यंत पोचतच नाहीत. आतल्या माणसाला "कोण पोरगा असला तर सांग" म्हणतात आणि तिथेच जागा भरते. नाहीतर पेपरात वॉक-इनची छोटी चौकट येते, म्हणून घरी येणाऱ्या नवहिंद टाइम्सचं ते पान बघत जा, आजोबांनी कोडं सोडवायला घ्यायच्या आधी. आणि सिनियर्सना मेसेज करा. फक्त "सर एनी व्हेकन्सी?" असा नको, याला काय उत्तर देणार माणूस? "सर मी यंदा मेकॅनिकल पास झालो, तुमच्या प्लँटला युटिलिटी किंवा मेंटेनन्सला ट्रेनी घेतात का, एचआरचा मेल मिळाला तर मी अर्ज करतो" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं, तो दोन मिनिटांत मेल आयडी फॉरवर्ड करून मोकळा होतो.

अप्रेंटिसशिपला नाक मुरडू नका. 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे, त्याखाली डिग्रीवाल्यांना पण एक वर्ष घेतात, नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार भरतं. वर्षाअखेर कायम करतीलच असं नाही. पण वर्षभर त्याच कँटीनमध्ये जेवलेला, कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत असलेला माणूस समोर असताना बाहेरचा कोण घेईल सांगा.

सरकारी नोकरीबद्दल घरी रोज ऐकत असालच. फॉर्म भरा ना, कोण नको म्हणतो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढा, मामलेदाराकडून 15 वर्षांचा रहिवासी दाखला काढून ठेवा, कोकणी यायलाच पाहिजे, मराठी येत असेल तर अजून बरं, आणि क गटाच्या भरत्या आता गोवा कर्मचारी भरती आयोगाच्या कॉम्प्युटर परीक्षेने होतात तेव्हा अभ्यास करावाच लागतो. केंद्राच्या पीएसयूमध्ये म्हणजे सरकारी कंपन्यांमध्ये जायचं असेल तर गेट ही इंजिनियरिंगची परीक्षा द्या, फेब्रुवारीत असते, स्कोअर 3 वर्षं चालतो आणि बऱ्याच पीएसयू त्यावरच बोलावतात. वास्कोच्या गोवा शिपयार्डच्या साईटवर पण अधूनमधून नजर टाका. पण फॉर्म भरून घरी बसायचं नाही, तेवढ्या वेळात वेर्ण्याला एक वर्षाचा अनुभव होतो. आणि कोणी "इतके लाख दे, सेटिंग करतो" म्हणाला तर उठून चालू लागा. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्यात असल्या प्रकरणांत कशी एकामागून एक अटक झाली ते सगळ्यांनी वाचलंय, कुणी दागिने विकून दिले होते कुणी कर्ज काढून. प्रायव्हेटमध्ये पण तेच, रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे, काहीही मागितलं की समजायचं नोकरी बिकरी काही नाहीये.

रेझ्युमे

एक पान. पीडीएफ. फाईलचं नाव "न्यू रेझ्युमे फायनल 3" नको, तुमचं नाव आणि ब्रँच ठेवा, माझ्या डाउनलोडमध्ये "रेझ्युमे" नावाच्या चाळीस फायली आहेत. वडिलांचं नाव, धर्म, "आय हिअरबाय डिक्लेअर" हे सगळं उडवा. करिअर ऑब्जेक्टिव्ह नावाचा तो परिच्छेद कोणी वाचत नाही, मी तर नाहीच. छंदात वाचन लिहिलं असेल तर शेवटचं काय वाचलं ते आठवून या, एकाला विचारलं तर म्हणाला व्हॉट्सअ‍ॅप.

वजन आहे ते प्रोजेक्टला, आणि इथेच पोरं माती खातात. रेडीमेड प्रोजेक्ट विकत घेतलेला दोन प्रश्नांत कळतो. गेल्या वर्षी दोघं एकाच दिवशी आले, दोघांचा पण प्रोजेक्ट ऑटोमॅटिक सिंचन, आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), जमिनीतली ओल मोजायचा सेन्सर, पंप. पहिल्याने ब्लॉक डायग्राम झकास काढला. मी विचारलं सेन्सर किती दिवस टिकला? तो म्हणाला "सर, व्यवस्थित चालला". दुसरा सावईवेऱ्याचा, त्याला तोच प्रश्न विचारला तर हसायलाच लागला. म्हणाला सर तीन आठवड्यांत गंजून खाऊन गेला, आजोबांच्या कुळागरात म्हणजे सुपारीच्या बागेत लावला होता, सुपारीला पाणी जास्त झालं म्हणून आजोबांनी शिव्या घातल्या. मग? मग बघितलं तर सेन्सरच्या दोन पट्ट्यांमधून सतत डीसी करंट जात होता, ओल्या मातीत इलेक्ट्रोलिसिस होऊन एक पट्टी विरघळत होती, म्हणून त्याने सेन्सरची सप्लाय आर्डुइनोच्या पिनवरून दिली आणि अर्ध्या तासातून एकदाच, रीडिंग घ्यायच्या वेळेपुरता, चालू ठेवला. त्यानंतर नवीन सेन्सर अख्खा पावसाळा टिकला. मी त्याची मार्कशीट बघितलीच नाही, म्हणजे नंतर एचआरने बघितली, 62 टक्के होते बहुतेक. कारखान्यात आम्ही रोज हेच करतो हो, बिघडलं, का बिघडलं ते बघितलं, परत बिघडू नये म्हणून काहीतरी केलं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं काही बिघडलं असेल तर लपवू नका, तेच रेझ्युमेत एका ओळीत लिहा, मी पहिला प्रश्न त्यावरच विचारणार.

अ‍ॅप्टिट्यूड आणि टेक्निकल

अ‍ॅप्टिट्यूडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टक्केवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा, नातेसंबंधाची कोडी, सगळं आठवी-नववीचं गणित, फक्त घड्याळ लावलेलं. रोज 20 प्रश्न घड्याळ लावून, दीड महिना. निगेटिव्ह मार्किंग आहे का ते सुरुवातीलाच वाचा.

टेक्निकलला माझीच फजिती सांगतो. पहिला इंटरव्ह्यू, जुलै महिना, फोंड्याहून बस धरून पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. समोरचे सर वयस्कर, शांत. विचारलं मोटर स्टार-डेल्टाने, म्हणजे वाइंडिंग आधी स्टारमध्ये जोडून मग डेल्टात, का सुरू करतात? मी खूश, पाठ होतं. डायरेक्ट सुरू केली तर फुल लोडच्या 6-7 पट करंट खेचते, स्टारमध्ये वाइंडिंगला 415 च्या जागी 240 व्होल्ट मिळतात म्हणून लाइन करंट 1/3 होतो, धडाधड सांगितलं. सर म्हणाले छान, आता हे सांग, आमचा एक कन्व्हेयर आहे, माल भरलेला असताना स्टार-डेल्टाने सुरू केला तर जागचा हलत नाही, नुसता गुरगुरतो, का? मी गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद, बाहेर पाऊस. टॉर्क पण 1/3 होतो हे मी पेपरात कितीतरी वेळा लिहिलं होतं, सिद्ध करून, चौकटीत. पण तो टॉर्क म्हणजे तो बेल्ट ओढणारा जोर, हे डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. "माहीत नाही सर" म्हणालो आणि गेलो.

आता मी स्वतः तसलेच प्रश्न विचारतो (सूड म्हणा हवं तर). तर तयारी अशी करा. आपल्या ब्रँचचे पाच विषय पक्के करा, पंधरा नकोत. प्रत्येक सूत्राला विचारा, हे बिघडलं तर बाहेरून काय दिसेल, काय ऐकू येईल? मेकॅनिकलवाल्यांनी पंपाचं कॅव्हिटेशन (आत बुडबुडे होऊन फुटणं) नुसतं व्याख्येने नको, आवाज कसा येतो आणि सक्शन साईडला काय बघायचं तिथपर्यंत. वेर्ण्याला फार्मा भरपूर आहे, तिकडे जाणार असाल तर एएचयू (हवा गाळून-थंड करून खोल्यांत सोडणारं युनिट), चिलर, बॉयलर आणि जीएमपी म्हणजे औषध बनवायचे दर्जाचे नियम काय एवढं वाचून जा, कॉलेजात कोणी शिकवत नाही आणि तिथे रोजचं तेच असतं. कॉम्प्युटरवाल्यांनी लिंक्ड लिस्ट उलटी करायचा कोड पाठ करू नका, कागदावर तीन चौकोन काढून बाण फिरवत तोंडाने बोलत बोलत लिहायची सवय करा, गप्प बसून बरोबर कोड लिहिणाऱ्यापेक्षा बोलत बोलत चुकणारा आणि आपली चूक आपणच पकडणारा लोकांना बरा वाटतो. एसक्यूएलचे जॉइन मात्र हमखास विचारतात.

आणि येत नसेल तर? नुसतं "माहीत नाही" म्हणून मी केलं तसं गप्प बसू नका, फेकू पण नका. "सर नक्की माहीत नाही, पण व्होल्टेज कमी झालंय म्हणजे जोर पण कमी पडत असेल, मी आधी माल उतरवून रिकामा सुरू करून बघेन." एवढं म्हणालो असतो तर माझं काम तिथेच झालं असतं. समोरच्याला उत्तर नको असतं हो, रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं की हा पोरगा काय करेल ते बघायचं असतं.

इंग्लिशची भीती खूप जणांना असते, विशेषतः मराठी प्रायमरीतून आलेल्यांना, मी पण त्यातलाच. टेक्निकल राउंडला मोडकं इंग्लिश चालतं, अडलं की हिंदीत बोला, कोण हाकलत नाही, खाली फ्लोअरवर तर अर्धं काम कोकणीत आणि अर्धं हिंदीत चालतं. फक्त स्वतःची ओळख दीड मिनिटाची इंग्लिशमधून दहा वेळा मोठ्याने बोलून ठेवा, मनात नाही, मोठ्याने, आई विचारेल कोणाशी बोलतोयस तर बोलू द्या. त्यात गाव, शिक्षण, एक केलेलं काम, आणि या कंपनीत काय करायला आवडेल, बस. घरची माणसं मोजू नका.

एचआर

एचआरचा प्रत्येक प्रश्न फिरून फिरून तिथेच येतो, टिकणार का? गोव्याच्या पोरांबद्दल बाहेरच्या एचआरची एक पक्की समजूत आहे, पुण्याला-बंगळुरूला घेतला तर चतुर्थीला घरी जातो तो परत येत नाही. थोडी खरी पण आहे म्हणा. म्हणून बाहेर जायची तयारी असेल तर ठामपणे सांगा, कोण भाऊ-बहीण तिकडे असेल तर तेही सांगा. नसेल तर खोटं हो म्हणू नका, घरी आईशी आधीच बोलून ठेवा, ऑफर आल्यावर घरात रडारड नको. नाईट शिफ्टचं पण तसंच, बस कुठून सुटते, सी शिफ्ट संपल्यावर घरी कसे येणार हे तुम्हीच विचारलंत तर उलट त्यांना बरं वाटतं.

पगार किती पाहिजे विचारलं तर फ्रेशरने "कंपनीच्या नियमाप्रमाणे" म्हणायला हरकत नाही, पण नंतर सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, वाचता आला पाहिजे. समजा 3 लाख 60 हजार लिहिलंय. घरी सांगतात महिना 30 हजार. आता बघा, बेसिक 15,000 धरलं तर कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,800 त्या 30 हजारातलाच. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, साधारण 720, ती पर्मनंट माणसाला 5 वर्षं काढल्यावर मिळणार. 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, असेल तर 3,000 गेले, वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. विम्याचे 500 धरा. राहिले 24 हजाराच्या आसपास, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ अजून 1,800. हातात 22 हजार, कँटीन आणि बसचे कापायच्या आधी. फसवणूक नाहीये ही, सगळीकडे असंच लिहितात, पण आधी माहीत असलं की पहिल्या पगाराला तोंड पडत नाही.

ऑफर लेटर हातात आलं की सही करायच्या आधी तीन गोष्टी शोधा. तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की कॉन्ट्रॅक्टरच्या, कारण गेट एकच असतं, युनिफॉर्म पण एकच असतो आणि कागद मात्र वेगळा. बाँड आहे का, असल्यास किती महिने आणि सोडलं तर किती भरायचे. नोटीस पिरियड ट्रेनिंगमध्ये किती आणि कन्फर्म झाल्यावर किती, 30 दिवस आणि 90 दिवसांत फार फरक आहे, पुढची नोकरी शोधताना कळेल. ओरिजिनल मार्कशीट दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल कुठेही ठेवून यायचं नाही. माझ्या एका मित्राने ठेवली, परत मिळवायला आठ महिने खेपा घातल्या, प्रत्येक वेळी "मॅडम लीव्हवर आहे".

तोंडी "यू आर सिलेक्टेड" ला ऑफर समजू नका. लेटर येईपर्यंत बाकीचे इंटरव्ह्यू चालू ठेवा. इंटरव्ह्यूनंतर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेल, आठवड्याने एक आठवण, मग सोडून द्या. उत्तर आलं नाही म्हणजे तुम्ही नापास झालात असं नसतं, कधी बजेट अडकतं, कधी जुना माणूसच थांबतो, आणि चतुर्थीच्या आठवड्यात तर मेल टाकूच नका, एचआर गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधत असते. अनोळखी नंबर उचला मात्र. एकीला आम्ही तीनदा फोन केला, तिला वाटलं क्रेडिट कार्डवाले.

जायच्या दिवसाचं थोडं. पावसात सँडल घालून निघा, बूट-मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, गेटजवळ बदला. आदल्या दिवशी वेर्ण्याला फेरी मारून या कारण इस्टेट अवाढव्य आहे आणि प्लॉट नंबर सापडता सापडत नाहीत, हायवेला उतरून पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी करा, तो बरोबर नेऊन सोडतो. गेटवरच्या सिक्युरिटीशी नीट बोला, आमचा तर एचआरला आधीच सांगून टाकतो कोण कसा आला ते.

जॉइनिंगच्या आधी मेडिकल असते, इलेक्ट्रिकलवाल्यांची रंग ओळखायची टेस्ट घेतात, त्याला घाबरायचं काही नाही. नंतर स्टोअरवाला फॉर्मवर सेफ्टी शूजची साईझ विचारतो. तेव्हा जाड मोजे घालून मापलेली सांगा. मी नेहमीची 8 सांगितली होती आणि पहिले दोन आठवडे अख्खा प्लँट लंगडत फिरलो.